मरीन टँकचे दगड: जागा कुठे सोडायची ते आधी ठरवा

खाऱ्या पाण्याची टाकी घरात लावायची म्हटलं की माणूस महिनोन्‌महिने चौकशी करतो. लाइट कुठला घ्यायचा, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) केवढा लागेल, मीठ कुठल्या कंपनीचं, पहिला मासा कुठला सोडायचा. दगडांची पाळी येते सगळ्यात शेवटी आणि ते काम अर्ध्या तासात उरकतं. खोकं उघडायचं, मोठे दगड खाली, लहान वर, मागच्या काचेला टेकवून ढीग घालायचा की झालं.

खरं तर उलटं व्हायला हवं. लाइट उद्या बदलता येतो, पंप बदलता येतो, मासासुद्धा कुणाला देऊन टाकता येतो. दगड मात्र एकदा बसले, त्यांच्यावर कोरल (प्रवाळ) चिकटले, मासे त्यांच्या कपारींत राहायला गेले, की पुढची कित्येक वर्षं त्यांना हात लावता येत नाही. टाकीत गाळ कुठे साठणार, मासे भांडणार की नांदणार, कोरलला उजेड मिळणार की नाही, हे बरंचसं त्या अर्ध्या तासात ठरून जातं. म्हणून या एका विषयावर सविस्तर लिहितोय. माझ्या घरी तीन फुटी टाकी आहे, लांबी तीन फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट, म्हणजे साधारण १९० लिटर पाणी. उदाहरणं त्याच मापाची देतो.

आधी दगड तिथे कशासाठी असतो ते बघू. शोभा हा त्याचा दुय्यम उपयोग. मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजूनही अमोनिया तयार होतो, आणि बंद टाकीत तो माशांना मारतो. दगडाच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने बराच कमी विषारी. दगड सच्छिद्र असला तर गोष्ट आणखी पुढे जाते. आतल्या बारीक छिद्रांत जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे वेगळ्या प्रकारचे जिवाणू राहतात. ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन पाण्याबाहेर निघून जातो. म्हणजे तो दगड हेच टाकीचं मुख्य फिल्टर. तुम्ही फिल्टर रचताय, ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

ही जाण फार जुनी नाही. १९६१ मध्ये जकार्तातल्या ली चिन एंग या छांदिष्टाने एका मासिकात लिहिलं, की तो समुद्रातून जिवंत दगड, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेले दगड, आणतो, पाण्यात नुसते हवेचे बुडबुडे सोडतो, आणि त्याची टाकी नीट चालते. तोवर समुद्री मासे पाळणारे लोक दगड-कोरल उकळून, ब्लीच करून पांढरेफटक करत आणि मगच टाकीत ठेवत. पुढे जर्मनीतल्या छांदिष्टांनी जिवंत दगड, जोरकस स्किमर आणि तेजस्वी उजेड यांची सांगड घातली. तिला बर्लिन पद्धत म्हणतात. आज घराघरांतल्या रीफ टँक, म्हणजे कोरल वाढवायच्या टाक्या, बहुतांशी तिच्याच वारस आहेत.

आता दगड आणायचा कुठून? इथे आपल्याकडच्या वाचकांना स्पष्ट सांगायला हवं. समुद्रातून प्रवाळ किंवा प्रवाळाचा दगड उचलून आणायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली टणक प्रवाळांचा समावेश झाला, म्हणजे कायद्याच्या लेखी प्रवाळ आणि वाघ एकाच रांगेत. वाळलेला, मेलेला, लाटेने किनाऱ्यावर फेकलेला तुकडाही ‘पडलेलाच होता’ म्हणून खिशात घालायचा नाही. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आढळले, तेव्हा २०२० मध्ये ते रीतसर परवानगी काढून दुसरीकडे हलवावे लागले. सरकारी कामाला जर परवानगी लागते, तर आपल्या दिवाणखान्यातल्या टाकीसाठी मालवणच्या समुद्रातून दगड काढणं कुठल्या तोंडाने योग्य म्हणायचं? मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुणी दुकानदार हळूच ‘ओरिजिनल लाइव्ह रॉक आहे, आतून आणून देतो’ म्हणाला तर तिथून निघावं.

पर्याय चांगले आहेत. एक, ड्राय रॉक, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या, आज जमिनीवर असलेल्या प्रवाळखडकातून खणून काढलेला कोरडा दगड. फ्लोरिडात असा दगड भरपूर निघतो. दुसरा, सिरॅमिकचा किंवा सिमेंट आणि कॅल्शियमयुक्त वाळू मिसळून बनवलेला कृत्रिम दगड. दोन्हींवर सुरुवातीला जिवाणू नसतात. बाटलीतले जिवाणू घालून किंवा दुसऱ्या निरोगी टाकीतला एखादा तुकडा ठेवून ती वस्ती हळूहळू वसवावी लागते, चार-सहा आठवडे सहज जातात. पण यात एक मोठा फायदा आहे: कोरडा दगड जमिनीवर मांडून, फोडून, चिकटवून, पुन्हा उकलून हवे तितके प्रयोग करता येतात. जिवंत दगडाला ही मुभा नसते, तो ओलाच ठेवावा लागतो.

सह्याद्रीतला काळा दगड का नाही, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. काळा पाषाण बहुतेक घट्ट असतो, जिवाणूंना आत शिरायला छिद्रं नसतात, आणि वजन उगाच वाढतं. कोकणातला जांभा दिसायला भोकाभोकांचा, पण त्यात लोह भरपूर आणि तो झिजून लाल माती सोडतो. दगड चुनखडीच्या जातीचा आहे का ते बघायचं असेल तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, बुडबुडे आले तर आहे. चुनखडीचा दगड टाकीचा पीएच टिकवून ठेवतो, असं मात्र समजू नका. रीफ टँकचं पाणी आठच्या वर असतं आणि त्या पाण्यात हा दगड विरघळतच नाही. त्याचं काम जिवाणूंना घर देणं एवढंच.

किती दगड घ्यायचा? जुना हिशोब होता गॅलनला एक पौंड, आपल्या मापात लिटरमागे साधारण १२० ग्रॅम. त्या हिशोबाने माझ्या टाकीत २३ किलो दगड गेला असता. हे फार होतं. हलका, सच्छिद्र दगड असेल तर त्याच्या निम्म्यात भागतं. मी १२ किलो घेतला आणि त्यातलाही किलोभर उरला. जास्त दगड म्हणजे जास्त फिल्टर, हे एका मर्यादेपर्यंतच खरं आहे. पाणी ज्या दगडापर्यंत पोचत नाही तो दगड फिल्टरचं काम करत नाही, तो नुसती जागा अडवतो. दोन मोठे, चार-पाच मध्यम आणि बाकी मुठीएवढे तुकडे, असा ऐवज असला की रचायला सोपं जातं. सगळे एकाच मापाचे आले तर काही फोडावे लागतात. छिन्नी-हातोड्याने अंगणात किंवा गच्चीवर फोडा, डोळ्यांवर चष्मा लावा, आणि खाली पडलेला चुरा टाकू नका. तो चिकटवताना लागतो.

एक जीवघेणी चूक इथेच सांगून टाकतो. जुना, कुणाच्या तरी टाकीतून आलेला दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात टाकायचा नाही. त्यावर पॅलिथोआ जातीचे बटणांसारखे जीव असतील तर त्यांच्यातलं विष वाफेवाटे घरभर पसरतं. अख्खी कुटुंबं यातून रुग्णालयात गेली आहेत. ब्रशने कोरडं घासणंही नको. हातमोजे घाला आणि दगड बादलीत पाण्याखालीच ठेवून हाताळा.

आता रचना.

लहानपणी सुट्टीत आजोळी, वेंगुर्ल्याजवळ, आमच्या कुंपणाचा गडगा पावसात ढासळायचा आणि दर वर्षी एक काका तो पुन्हा घालायला यायचे. सिमेंट नाही, चिखल नाही, नुसते दगडावर दगड. मी घाईघाईने दगड कोंबत असे, तो डुगडुगायचा, मग मी वरून दाबायचो. काका माझा हात बाजूला करायचे. ‘जोर करू नको रे. फिरव. खंय ना खंय बसतलोच.’ आणि ते तोच दगड पाव वळसा फिरवायचे, उलटा करायचे, पुन्हा फिरवायचे. मग एका क्षणी तो ‘ठक्‌’ असा आवाज करून बसायचा आणि हलायचाच थांबायचा. तो आवाज मी विसरलेलो नाही. टाकीचे दगड रचताना मी आजही तोच ऐकायला कान लावतो.

काकांच्या त्या फिरवण्यामागचं शास्त्र आपल्या आज्यांना चुलीमुळे ठाऊक होतं. चुलीला दगड तीन मांडतात. तीन टेकूंवर ठेवलेलं भांडं कधीच डुगडुगत नाही, जमीन कितीही खडबडीत असली तरी. चार टेकू असले की चौथा उंच-सखल होतो आणि डोलायला लागतो. तसंच वरच्या दगडाने खालच्यांना निदान तीन ठिकाणी स्पर्श केला पाहिजे, आणि त्याच्या वजनाचा मध्य त्या तीन बिंदूंच्या आत पडला पाहिजे. दोनच ठिकाणी टेकलेला दगड आज उभा राहील, पण पुढे मागे झुकण्याची त्याला मोकळीक असते. फिरवत राहिलं की तो तिसरा बिंदू सापडतो.

पाण्यात गेल्यावर आणखी एक भानगड होते, जी बाहेर कळत नाही. भरीव चुनखडीचा एक लिटर आकारमानाचा तुकडा जमिनीवर साधारण २.७ किलो भरतो. समुद्राच्या पाण्यात तो एक किलोहून थोडं जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून तिथे त्याचं वजन जेमतेम पावणेदोन किलो वाटतं. वजन घटलं, तसं घर्षणही घटलं. पण त्याला ढकलणारे जोर घटलेले नाहीत: वेव्हमेकरचा (टाकीतलं पाणी हलवणाऱ्या पंपाचा) झोत तोच, चढणारा शंख तोच, खालची वाळू उकरणारा खेकडा तोच. म्हणून ओट्यावर मजबूत वाटलेली रचना टाकीत डगमगू शकते. ओट्यावर ती ‘पुरेशी’ मजबूत नको, चांगलीच मजबूत हवी. माझी कसोटी अशी: रचना झाली की तळहाताने बाजूने एक ठोसा द्यायचा, जसं आपण पेरूच्या फांदीला देतो. काही पडलं तर ते इथेच पडू दे.

आणि दगड आधी, वाळू नंतर. हा नियम मला फार महाग पडून कळला. पहिल्या टाकीत मी आधी दोन इंच वाळू पसरली, कारण दगडाखालून काच दिसू नये असं वाटलं, आणि वाळूवर दगड रचले. चार महिन्यांनी एक पिवळी गोबी आणि तिच्यासोबत एक पिस्तूल कोळंबी आणली. ही जोडी बघण्यासारखी असते. कोळंबीला नीट दिसत नाही, ती दिवसभर बीळ खणते आणि गोबी दाराशी पहारा देते, कोळंबीची मिशी कायम गोबीच्या अंगाला लागलेली. धोका दिसला की गोबी शेपटी हलवते आणि दोघं आत. त्या कोळंबीने बरोबर मोठ्या दगडाच्या टेकूखाली बीळ खणलं. रात्री काहीतरी दाबलेला आवाज आला, सकाळी बघतो तर मोठा दगड काचेवर रेललेला आणि गोबी त्याखाली. काच तडकली नाही, पण मासा गेला. कोळंबी पुढे दोन दिवस तिथेच खणत होती, मिशी बाहेर काढून कुणाला तरी शोधत होती. त्या दिवशी सगळी टाकी उपसली आणि पुन्हा सुरुवात केली.

खालचे दगड थेट तळकाचेवर बसवा. काचेला टोक टोचेल अशी भीती असेल तर खाली पातळ अॅक्रिलिकचा पत्रा किंवा लाइटच्या डिफ्यूझरला वापरतात ती प्लॅस्टिकची जाळी घाला. टोकदार बाजू वर, सपाट बाजू खाली. मग दगडांच्या आजूबाजूने वाळू ओता. आता कोळंबीने कितीही खणलं तरी पाया हलत नाही.

चिकटवायचं कशाने? घट्ट बसलेल्या दगडालाही सांध्याची मदत घ्यावी, आणि कमानी, पुढे आलेले सज्जे असतील तर घ्यावीच लागते. घट्ट जेलचा सुपरग्लू सांध्यात भरायचा आणि वर त्याच दगडाचा कोरडा चुरा किंवा वाळू दाबायची, काही सेकंदांत तो दगडासारखा कडक होतो. खिडक्या उघड्या ठेवा, धूर डोळ्यांना झोंबतो. कापसाचा बोळा घालून वर ग्लू ओतायची युक्ती काहीजण सांगतात, ती करू नका, कापूस भयानक तापतो. मोठ्या वजनाला दोन भागांची एपॉक्सी पुट्टी किंवा झटपट सुकणारं सिमेंट लागतं. सिमेंट वापरलंत तर रचना काही आठवडे साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि पाणी बदलत राहा, कारण ताजं सिमेंट पाण्याचा पीएच फार वर नेतं. फार उंच खांब उभा करायचा असेल तर दगडाला ड्रिलने भोक पाडून आत अॅक्रिलिकची किंवा फायबरग्लासची कांडी घालतात. लोखंडी सळई, तार, खिळा काहीही आत ठेवायचं नाही, गंजतं आणि विरघळलेले धातू कोळंब्या आणि कोरल सहन करू शकत नाहीत.

एवढं झालं मजबुतीचं. आता मूळ मुद्द्याकडे येतो, म्हणजे न रचलेल्या जागेकडे.

ओहोटीला रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर एखाद्या डबक्यापाशी उकिडवं बसून बघा. खडकाचा उघडा माथा बहुतेक मोकळा असतो, त्यावर चिकटलेले शिंपले आणि बारीक शंख. खरी वस्ती असते ती कपारीत. दगडाचा सज्जा पुढे आलाय, त्याखाली हातभर सावली आहे, तिथे खेकडा, तिथे कोळंब्या, तिथे फुलांसारखे उघडलेले समुद्रफुलांचे जीव. कपार बंद असली, म्हणजे पाणी आत गेलं तरी बाहेर पडत नसलं, की तिथे काळा चिखल आणि वास. दोन्ही बाजूंनी उघडी असली की तिथे गजबज. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की टाकीतली भिंत बांधावीशी वाटत नाही.

पहिल्या टाकीत मी भिंतच बांधली होती. मागच्या काचेला टेकून, डावीकडून उजवीकडे, पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत. समोरून भरगच्च दिसायची. पण तिच्या मागे झोत पोचायचा नाही, मी घासायला हात घालू शकत नव्हतो, आणि माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं तिथे साठत गेलं. सहाएक महिन्यांत दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ आलं. मी खाणं कमी केलं, पाणी बदललं, लाइटची वेळ कमी केली, आणि शेवाळ तसंच. मग टाकी उपसली तेव्हा भिंतीमागे बोटभर जाड तपकिरी गाळ निघाला, सांडपाण्याच्या वासाचा. तो गाळ कुजत होता आणि शेवाळाला खत पुरवत होता. दोष त्या भिंतीचा होता.

म्हणून दगडांना काचेपासून लांब ठेवा, चारही बाजूंनी. किती लांब? तुमची मूठ मागून सरकून जाईल इतकं. माझ्या टाकीत साधारण आठ सेंटीमीटर सोडलंय. काच घासायचं मॅग्नेट फिरतं, हात फिरतो, आणि मुख्य म्हणजे पाणी मागून वळसा घेऊन पुढे येतं. रीफ टँकमध्ये पंप आणि वेव्हमेकर मिळून ताशी टाकीच्या वीस ते चाळीस पट पाणी हलवतात, माझ्याकडे म्हणजे चार ते आठ हजार लिटर. एवढं पाणी जाणार कुठून, हे रचना करतानाच बघायचं. खाली एक बोगदा, मध्ये एक दरी, सज्जाखाली एक पोकळी, आणि प्रत्येक पोकळीला निदान दोन तोंडं. वेव्हमेकरचा झोत थेट दगडावर आदळून वाळूवर आला तर वाळूत खड्डा पडतो. तो दरीतून समोरच्या काचेवर जाऊन वळला तर सगळीकडे हलचल राहते.

ही मोकळीक वीज गेल्यावरही उपयोगी पडते. मे महिन्यात तापलेल्या पाण्यात आधीच प्राणवायू कमी विरघळतो. पंप थांबला की गाळात आणि घट्ट ढिगात बसलेले जिवाणू उरलेला प्राणवायू झपाट्याने संपवतात. ज्या टाकीत गाळ साठलेला नाही तिला बॅटरीवरच्या एका छोट्या एअरपंपावर काही तास काढता येतात.

माशांच्या दृष्टीने बघितलं तर दोन तोंडांच्या कपारीचा अर्थ वेगळा आहे. डॅमसेलसारखा मासा एक कोपरा आपला मानतो आणि दुसऱ्याला पिटाळतो. पिटाळलेला मासा एकाच दाराच्या बिळात शिरला तर तिथेच कोंडला जातो. दुसरं दार असलं तर तो मागून निसटतो आणि भांडण तिथेच संपतं. तसंच, सगळे दगड एका ढिगात असले की तो ढीग एकाचीच जहागीर होते. दोन वेगळी बेटं केलीत, एक मोठं, एक लहान, मध्ये वाळूची मोकळी पट्टी, की दोन जहागिऱ्या होतात, आणि दगड आड आल्यामुळे ते एकमेकांना दिवसभर दिसतही नाहीत. न दिसणं हा माशांमधला मोठा शांततेचा करार आहे. टँगसारख्या सतत पोहणाऱ्या माशाला या बेटांभोवती लांब फेरी हवी, आणि रात्री तो दगडाच्या फटीत अंग अडकवून झोपतो, म्हणून त्याच्या अंगाच्या मापाची एक उभी फट ठेवा. फायरफिश घाबरट, त्याला चटकन लपता येईल असं एक बीळ समोरच्या बाजूला, वाळूच्या पातळीवर हवं.

कोरलचा विचार करताना वरची जागाही मोकळी लागते. दगडांचा माथा पाण्याच्या उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर थांबवा, दीड फुटी टाकीत एक फूट. वरचं अर्धं फूट रिकामं दिसतं, पण ते कोरलच्या वाढीचं आहे. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कोरलना वरचा कडक उजेड आणि जोराचं पाणी लागतं, ते माथ्यावर बसतात. मशरूम आणि झोअँथिड जातीचे कोरल खाली, सावलीच्या कडेला खुश असतात. दगडावर काही सपाट ओटे मुद्दाम ठेवा, अगदी तिरक्या उतारावर कोरल चिकटवणं म्हणजे शिक्षा. आणि कोरल शेजारीही भांडतात, माशांपेक्षा गुपचूप: गॅलेक्सिया, युफिलिया रात्री लांब डंखाचे धागे बाहेर काढून शेजाऱ्याला भाजतात. त्यांच्यासाठी निदान वीतभर मोकळं अंतर ठेवा. म्हणजे ओटेही एकमेकांपासून लांब हवेत.

दिसण्याविषयी थोडंच लिहितो, कारण वर सांगितलेलं पाळलं की देखणेपण बरंचसं आपोआप येतं. मोठं बेट अगदी मधोमध नको, थोडं डावी-उजवीकडे सरकवा. दोन्ही बेटं सारख्या उंचीची नकोत. कोरीव दगडाचे पापुद्रे, थर एकाच दिशेला झुकलेले ठेवा, समुद्रात लाट त्यांना एकाच बाजूने झिजवते. मागच्या बाजूला थोडी अरुंद होत जाणारी दरी ठेवली की टाकी आहे त्याहून खोल वाटते.

प्रत्यक्ष काम करताना मी असं करतो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा टाकीच्या तळाच्या मापाने कापतो. आतून आठ सेंटीमीटर सोडून चारही बाजूंना मार्करने रेघ मारतो, तिच्या बाहेर एकही दगड जायचा नाही. मागे भिंतीला पुठ्ठ्याचा दुसरा तुकडा टेकवून त्यावर पाण्याची रेघ आणि दगडांच्या माथ्याची रेघ काढतो. मग जमिनीवर मांडायला बसतो. पहिल्या दिवशी काहीच चिकटवत नाही. मांडतो, समोर सोफ्यावर, रोज जिथे बसून टाकी बघणार आहे तिथे जाऊन बसतो, फोटो काढतो, मोडतो. चार-पाच रचना होतात. रात्रभर एक तशीच राहू देतो, सकाळी चहाच्या वेळी बघतो. तिच्यातलं खटकणारं तेव्हा दिसतं. शेवटची रचना मनात बसली की प्रत्येक सांध्याला खडूने खूण करतो, क्रमाने उकलतो आणि मग चिकटवायला घेतो. मोठं बेट दोन-तीन तुकड्यांत चिकटवलेलं बरं, म्हणजे ते हाताने उचलून टाकीत ठेवता येतं, आणि उद्या एखादा मासा पकडायचा झाला तर एक तुकडा बाहेर काढता येतो.

टाकीत ठेवल्यावर वाळू, मग पाणी. दगडावर थेट ओतू नका, एक ताटली ठेवून तिच्यावर ओता. दोन दिवस गढूळ राहील, राहू दे. पाणी निवळलं की पुन्हा एकदा बाजूने ठोसा देऊन बघा, यावेळी पाण्याखाली. मग जिवाणूंना त्यांचं काम करू द्या. दर आठवड्याला मोठ्या सिरिंजने कपारींत पाण्याचा झोत मारून साचलेला गाळ उडवायचा, तो स्किमर आणि फिल्टर सॉक (गाळणीची कापडी पिशवी) पकडतात.

पहिला मासा सोडाल तेव्हा लाइट बंद ठेवा आणि रात्री टॉर्चवर लाल कागद लावून तो कुठे झोपलाय ते बघा. तुम्ही ज्या गुहेवर तासन्‌तास मेहनत घेतलीत ती त्याला बहुतेक नको असते, तो कुठल्या तरी भलत्याच फटीत असतो. ती फट काचेच्या अगदी जवळ, झोताच्या तोंडावर, किंवा फार उघडी असेल तर त्याला थोडा आडोसा लागतो. त्यासाठी मुठीएवढे दोन-तीन दगड मी मुद्दाम सुटे ठेवतो, वाळूवर नाही, तळकाचेवर टेकवलेले. त्यातला एक हलकेच सरकवून त्याच्या दाराशी लावतो. ते दोन-तीन मात्र कधीच चिकटवत नाही.